रस्ता न फोडता पाइपलाइन टाकायची, तर कुठली पद्धत कुठे?

भूजल

"एवढं तंत्रज्ञान आलंय, मग अजून रस्ते फोडतातच कशाला?" हा प्रश्न दुसऱ्या धाग्यावर आला होता. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय. माझं काम मलवाहिन्या आणि जलवाहिन्यांचे आराखडे करण्याचं आहे. इथे साइटवर उभं राहून काम करणारी मंडळीही आहेत, त्यांनी जरूर भर घालावी.

एक मुद्दा आधीच मांडतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. उघडा चर खोदला की जमिनीत काय दडलंय ते आपोआप दिसतं. नकाशात नसलेली केबल लागते, मजूर हाक मारतो, काम थांबतं. चर न खोदता पाइप टाकायचा म्हटलं की हे बघणं हातचं जातं. म्हणजे खोदाई जेवढी वाचते, तेवढी आधीची तपासणी वाढायला हवी. बरेचदा होतं उलटंच. खोदाई वाचली म्हणून वेळ वाचला असं समजून तपासणीलाही कात्री लावतात. ट्रेंचलेस, म्हणजे चर न खोदता केलेली कामं फसतात तेव्हा मशीनचा दोष फार कमी वेळा असतो. जमीन न ओळखता पद्धत निवडलेली असते, किंवा खाली आधीपासून काय आहे हे कुणी पाहिलेलंच नसतं.

आता पद्धती. निवड करताना मी पहिला प्रश्न विचारतो: पाइपमधलं पाणी दाबाने वाहणार की उताराने? पिण्याचं पाणी, गॅस, केबलचे डक्ट यांना पाइप थोडा वरखाली झाला तरी चालतं. सांडपाणी मात्र उताराने वाहतं. १:२०० उतार म्हणजे मीटरमागे फक्त ५ मिलिमीटर. अशा लाइनीत मध्येच काही सेंटिमीटरचा झोल राहिला, तर तिथे पाणी साचतं, गाळ बसतो आणि तीच जागा पुन्हापुन्हा तुंबते.

दाबाच्या लाइनींसाठी आज सगळ्यात जास्त दिसते ती एचडीडी, म्हणजे आडवं दिशादर्शित ड्रिलिंग. रिग, म्हणजे ड्रिल चालवणारं यंत्र, जमिनीवरच उभी राहते आणि तिथून ड्रिल तिरकं आत शिरतं. आधी लहान व्यासाचं पायलट भोक, मग रीमर फिरवून ते मोठं करायचं, आणि शेवटी त्याच भोकातून पाइप मागे ओढून घ्यायचा. भोक साधारणपणे पाइपच्या बाहेरच्या व्यासाच्या दीडपट ठेवतात. हे तंत्र १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या पाहारो नदीखालून गॅसची लाइन नेताना पहिल्यांदा वापरलं गेलं. तेलविहिरींचं तिरकं ड्रिलिंग आणि रस्त्याखालचं बोअरिंग या दोन्हींचा त्यात मेळ होता.

उताराच्या लाइनीला मायक्रोटनेलिंग. दोन्ही टोकांना शाफ्ट, म्हणजे खोल उभे खड्डे घ्यायचे. एका शाफ्टमधून हायड्रॉलिक जॅक पाइप पुढे ढकलतात, पाइपांच्या पुढे कापणारं मशीन असतं आणि लेझरवर त्याची दिशा राखली जाते. माणूस आत जात नाही, सगळं वरच्या केबिनमधून चालतं. मशीनच्या तोंडाशी स्लरीचा, म्हणजे पातळ चिखलाचा दाब ठेवून माती आणि भूजल दोन्ही रोखलेले असतात, त्यामुळे पाण्याखालच्या वाळूतही काम होतं. रेषा आणि पातळी साधारण २५ मिलिमीटरच्या आत राखता येते. जपानमध्ये १९७० च्या दशकात दाट वस्तीत मलवाहिन्या टाकायच्या होत्या, तिथे हे तंत्र वाढलं.

रेल्वे किंवा महामार्गाखालून आडवं जायचं असेल तर ऑगर बोअरिंग. लोखंडी केसिंग, म्हणजे बाहेरचा संरक्षक नळ, ढकलत जायचं आणि आतल्या स्क्रूने माती मागे आणायची. साधं आणि जुनं तंत्र, पण पुढचं तोंड उघडं असतं. भूजलाच्या पातळीखालच्या वाळूत हे वापरलं तर वाळू पाण्याबरोबर केसिंगमध्ये वाहत येते आणि वरचा रस्ता खचतो. गोटे असलेल्या जमिनीत पाइप रॅमिंग बरं पडतं. त्यात हातोड्याने केसिंग ठोकत नेतात. केसिंगचं तोंड उघडं असल्याने गोटा अख्खा आत येतो, माती नंतर बाहेर काढतात. आवाज आणि कंपनं मात्र पुष्कळ.

जुन्या पाइपच्या जागी नवा टाकायचा असेल तर पाइप बर्स्टिंग, आणि जुन्याच्या आतच नवा तयार करायचा असेल तर सीआयपीपी. त्यावर सुलभा_टी माझ्यापेक्षा चांगलं लिहितील.

अनुजा वि.

छान धागा. माझा प्रश्न अगदी साधा आहे. आमच्या घरासमोर हे काम झालं, तेव्हा रस्ता फोडणार नाही असं सांगितलं होतं. तरी जागोजागी खड्डे घेतलेच. मग फरक काय पडला?

भूजल

अनुजा, खड्डे शून्य कधीच होत नाहीत. रिगसमोर एक, शेवटी एक, प्रत्येक जोडणीच्या जागी एक. शिवाय आधीपासूनच्या केबल आणि पाइप ओलांडायचे असतील तिथे ते उघडे करून पाहायचे असतात, त्यांचे वेगळे. हे शेवटचे खड्डे चांगल्या कामाची खूण समजा. ते घेतलेच नसते तर मला जास्त काळजी वाटली असती.

तिरकस रेघ

मी रस्त्यांच्या देखभालीत आहे, त्यामुळे थोडा विरोधी सूर लावतो. भूजल यांचा लेख चांगला आहे, पण ट्रेंचलेस म्हणजे रस्ता सुरक्षित असं लोक धरून चालतात, ते खरं नाही. आमच्याकडे एका एजन्सीने एचडीडी केलं. काम संपलं, डांबर शाबूत, सगळे खूश. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच रेषेवर रस्ता लांबट बसला. भोक गरजेपेक्षा बरंच मोठं केलेलं होतं आणि पाइपभोवतीची पोकळी हळूहळू मिटत वरपर्यंत आली. खड्डे बुजवतानाही माती थर देऊन ठोकली नव्हती, नुसती ढकलली होती.

दुसरं, जिथे घराघराला जोडणी द्यायची आहे, पाइप उथळ आहे आणि कडेची पट्टी मोकळी आहे, तिथे उघडा चरच सरळ काम. दर काही मीटरवर खड्डा घ्यायचाच असेल तर मधला तुकडा ड्रिल करून काय मिळवलं? चर नीट घेतला, बाजू नीट आधारल्या, भराव नीट ठोकला, तर त्यात काही कमीपणा नाही.

भूजल

उथळ आणि भरपूर जोडण्या असलेल्या लाइनीबद्दल पूर्ण सहमत. मी स्वतः अशा ठिकाणी उघडा चरच सुचवतो. खोली वाढत जाते तसं गणित फिरतं. पाच-सहा मीटर खोल मलवाहिनीला उघडा चर म्हणजे शीट पाइलिंग (बाजू धरून ठेवायला ठोकलेले लोखंडी पत्रे), सतत पाणी उपसणं आणि बाजूच्या इमारतींच्या पायाखालची माती सैल होण्याचा धोका. तिथे शाफ्ट घेऊन जॅकिंग करणं सरस ठरतं. आणि चर घेतला की रस्त्याचं आयुष्य घटतं, वाहतूक तुंबते, झाडांची मुळं तुटतात, कडेचे व्यवसाय बसतात. निविदेत ही किंमत कुठल्याच रकान्यात येत नाही, पण कुणीतरी ती मोजतंच.

लोकेटरवाला

एचडीडीवर मी बरीच वर्षं लोकेटर हातात घेऊन रिगच्या पुढे चालतोय. वर लिहिलंय त्यात भर घालतो, कारण भोक वळवतात कसं याची बहुतेकांना कल्पना नसते.

ड्रिलच्या तोंडाशी एक तिरकं कापलेलं पातं असतं. रॉड फिरवत ढकलला की भोक सरळ जातं. फिरवणं थांबवून नुसता ढकलला की पातं ज्या बाजूला वळलेलं असेल तिकडे भोक झुकतं. पात्याच्या मागे सोंड बसवलेली असते, म्हणजे सिग्नल पाठवणारा छोटा ट्रान्समीटर. जमिनीवर माझ्या हातातल्या यंत्रावर तीन गोष्टी दिसतात: खोली, चढउतार टक्क्यांत, आणि पातं कुठल्या दिशेला आहे ते घड्याळाच्या काट्यांवर. मी रिगवाल्याला म्हणतो, "बारावर ठेव, अर्धा रॉड ढकल", की भोक वर उचललं जातं. सहावर ढकललं तर खाली जातं.

आता महत्त्वाचं. यंत्र दाखवतं ती खोली डोळे मिटून मानायची नसते. परिस्थिती चांगली असली तरी खोलीच्या सुमारे ५ टक्के फरक धरावा. चार मीटरवर तो २० सेंटिमीटर होतो. काँक्रीटमधल्या सळया, वीजवाहिन्या, सिग्नलच्या केबल यांच्याजवळ आकडे नाचतात. म्हणून मी प्रत्येक रॉडला दोन हिशोब ठेवतो. ३ मीटरचा रॉड ५ टक्के उतारावर गेला तर तोंड १५ सेंटिमीटर खाली जायला हवं. यंत्राने ४० दाखवले तर ढकलणं बंद. आजूबाजूला काय आहे ते शोधायचं, फ्रिक्वेन्सी बदलून बघायची, तरी जुळलं नाही तर खड्डा घेऊन बघायचं. रिग चालू असताना हे बोलायला धीर लागतो, कारण थांबलेल्या रिगचं भाडं चालूच असतं. लोकेटरवाल्याला काम थांबवायचा अधिकार लेखी द्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

चिखलाबद्दलही थोडं. भोकात बेंटोनाइटचा घोळ सोडतात. तो कापलेली माती बाहेर आणतो, भोक कोसळू देत नाही, पात्याला आणि सोंडेला थंड ठेवतो. घाईत लोक चिखल कमी टाकतात आणि रीमर जोरात ओढतात. हिशोब करून बघा. ३०० मिलिमीटरचं भोक म्हणजे मीटरमागे साधारण ७० लिटर माती. चिकणमातीत तिच्या किमान तिप्पट घोळ हवा, म्हणजे २१० लिटर. पंप मिनिटाला २०० लिटर देत असेल, तर मिनिटाला जेमतेम एक मीटर ओढता येतं. त्यापेक्षा जोरात ओढलं तर माती भोकात दाटते, चिखल मागे यायचा थांबतो आणि पुढे दाब चढत जातो. तो दाब कुठून तरी वाट काढतोच. रस्ता फुगतो, नाहीतर जवळच्या चेंबरमधून चिखल वर येतो.

नवशिका

लोकेटरवाला, तुमच्यासारखं कुणी वर्गात कधी सांगितलंच नाही, धन्यवाद. स्थापत्यच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन शंका. चिखल वर आला तर तो घातक असतो का? आणि पायलट भोक हवं तसं वळवता येतं, तर एचडीडीने हव्या त्या कोपऱ्यातून पाइप का नेता येत नाही?

लोकेटरवाला

बेंटोनाइट ही माती आहे, विषारी नाही. पण ओढ्यात गेला तर तळावर थर बसतो आणि तिथले जीव गुदमरतात. गटारात गेला तर बसून घट्ट होतो. म्हणून तो सक्शन टँकरने उचलायचा आणि ठरलेल्या जागीच टाकायचा. जवळच्या नालीत सोडून देणारे मी पाहिलेत, ते अगदी चुकीचं आहे. चिखल वर येण्याचा धोका दोन्ही टोकांना जास्त असतो, कारण तिथे वर मातीचा थर पातळ असतो. भोकातला परतीचा प्रवाह कमी झाला की ती पहिली सूचना. रिगवाल्याने त्या नळीवरून नजर काढायची नाही.

वळणाचं: भोक वळलं तरी पाइप वळायला हवा ना. स्टीलच्या पाइपला वळणाची त्रिज्या व्यासाच्या १२०० पट धरायचा प्रघात आहे. ३०० मिलिमीटर व्यासाला ३६० मीटर. गल्लीच्या कोपऱ्यात एवढी जागा कुठून आणणार? एचडीपीई, म्हणजे प्लॅस्टिकचा पाइप, बरंच जास्त वळतं, पण तिथे आधी रॉडच्या वळणाची मर्यादा आडवी येते. आणखी एक, एचडीपीई ओढताना ताणला जातो. ओढून झाल्याबरोबर कापून जोडला की तो नंतर आखडतो आणि जोडावर ताण येतो. म्हणून टोकं जास्तीची ठेवून रात्रभर तसाच राहू द्यायचा, जोडणी दुसऱ्या दिवशी.

मातीपरीक्षक

भूजल यांनी जमिनीचा मुद्दा काढलाय म्हणून लिहिते. रस्त्याच्या दोन टोकांना दोन बोअर (माती तपासायची भोकं) घेऊन मधे सरळ रेघ मारलेले अहवाल खूप येतात. शहराखालची जमीन अशी सरळ नसते. बुजवलेले ओढे, जुन्या विहिरी, पडलेल्या बांधकामाचा राडारोडा असं सगळं खाली असतं. एचडीडीला सगळ्यात त्रासदायक जमीन म्हणजे सुटे गोटे आणि जाड खडी. पातं गोट्यावर आपटून भलतीकडे वळतं, भोक उभं राहत नाही, चिखल खडीतून निघून जातो. सलग कातळ त्याहून परवडतो, त्याला निदान योग्य हत्यार निवडता येतं. मायक्रोटनेलिंगला अडचण होते ती अर्ध्या तोंडात कातळ आणि अर्ध्यात माती आली की. मशीन मऊ बाजूला सरकू बघतं आणि रेषा राखताना जॅकिंगचा जोर वाढत जातो.

तपासणीची भोकं नीट बुजवायलाही विसरू नका. सिएटलमध्ये २०१३ साली रस्त्याच्या बोगद्याचं अवाढव्य मशीन वाटेत अडकलं. त्याआधी काही दिवस ते एका लोखंडी नळीवर आदळलं होतं आणि ती नळी काही वर्षांपूर्वी त्याच प्रकल्पाच्या भूजल तपासणीसाठी घातलेली होती. मशीन बिघडलं ते त्याच नळीमुळे का, यावर पुढे कोर्टात मोठा वाद झाला. कारण काहीही असो, तपासणीचं भोक कामाच्या रेषेतून बाजूला घ्यावं आणि काम झाल्यावर ग्राउटने (सिमेंटच्या पातळ घोळाने) भरावं, हे साधं पथ्य आहे.

अनुजा वि.

खाली काय आहे ते रडारने दिसतं असं ऐकलं होतं. मग खड्डे घेऊन बघायची गरज का पडते?

मातीपरीक्षक

रडारच्या लहरी ओल्या चिकणमातीत लवकर विरतात. तशा जमिनीत मीटरभरही खात्रीने दिसत नाही, कोरड्या वाळूत छान दिसतं. पाइप लोकेटरला धातू लागतो. साधा प्लॅस्टिकचा पाइप त्याला दिसतच नाही. म्हणून दोन्ही वापरायचे आणि जिथे ओलांडायचं आहे तिथे प्रत्यक्ष उघडून बघायचं. व्हॅक्यूमने माती ओढून छोटा खड्डा घेतला तर केबलला धक्काही लागत नाही. अमेरिकन सिव्हिल इंजिनीअर्सच्या संस्थेने २००२ मध्ये यासाठी चार दर्जांचं मानक काढलं, २०२२ मध्ये ते सुधारलं. सगळ्यात खालचा दर्जा म्हणजे नुसते जुने नकाशे. त्यावर चेंबरची झाकणं, व्हॉल्व्ह अशा जमिनीवर दिसणाऱ्या खुणांची मोजणी, त्यावर यंत्रांची तपासणी आणि सगळ्यात वरचा म्हणजे उघडून मोजलेलं. नकाशावरच्या प्रत्येक रेषेला तिचा दर्जा लिहिलेला असला की ड्रिल करणाऱ्याला कळतं, कुठल्या रेषेवर विसंबायचं.

सुलभा_टी

उशिरा आले, आता जुन्या लाइनींबद्दल लिहिते.

सीआयपीपी म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेलं फेल्टचं किंवा काचतंतूंचं अस्तर जुन्या पाइपमध्ये घालून तिथेच कडक करणं. फेल्टचं अस्तर पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने मोजा उलटावा तसं उलटत आत जातं आणि रेझिनची बाजू जुन्या भिंतीला चिकटते. मग गरम पाणी किंवा वाफ सोडायची. काचतंतूंचं अस्तर सहसा ओढून घेतात आणि अतिनील दिव्यांची गाडी आतून फिरवून पक्कं करतात. हे पहिल्यांदा १९७१ मध्ये लंडनच्या हॅकनी भागातल्या विटांच्या जुन्या मलवाहिनीत केलं, एरिक वुड यांनी. अस्तर कडक झालं की घरांच्या जोडण्यांची तोंडं झाकली गेलेली असतात. ती आतूनच रोबो कटरने उघडायची. त्यासाठी आधीच्या कॅमेरा पाहणीत प्रत्येक तोंडाचं अंतर अचूक नोंदलेलं हवं. नोंद चुकली तर एखाद्या घराचं सांडपाणी बंद होऊन बसतं.

अस्तर घालण्याआधी लाइन खरोखर साफ करावी लागते. मुळं, चुनखडीचे थर, आत घुसलेले पाइप काही ठेवायचं नाही. आत सुरकुती राहिली तर ती कायमची. आणि पाइप आधीच बसलेला असेल, झोल पडलेला असेल, तर अस्तर त्या झोलासकट बसतं. उतार सुधारत नाही. हे मी दर वेळी सांगते, कारण सीआयपीपीने सगळं बरं होईल अशी अपेक्षा असते.

ज्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं ते म्हणजे वासाकडे होणारं दुर्लक्ष. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं, गरम होताना ते हवेत येतं. ठेकेदाराचा माणूस सांगून जातो, "वास आहे, अपायकारक नाही." असं सरसकट म्हणता येत नाही. २०१७ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी वाफेवर चालणाऱ्या कामांवर मोजमापं केली. त्या पांढऱ्या ढगात निव्वळ वाफ नव्हती. स्टायरीनबरोबर इतर सेंद्रिय रसायनं आणि अर्धवट पक्क्या रेझिनचे कणही सापडले. मशीनजवळ काम करणाऱ्यांना योग्य मास्क मिळालाच पाहिजे. रहिवाशांनी एक करावं: न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीच्या, गच्चीच्या जाळीत आदल्या दिवशी पाणी ओतावं. ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असलं की वास थेट घरात येतो. तरीही आला तर खिडक्या उघडून बाहेर पडावं आणि तक्रार नोंदवावी.

अनुजा वि.

सुलभाताई, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. घरात नेमका असाच वास भरला होता आणि आई दिवसभर डोकं धरून बसली होती. सोसायटीच्या गटावर टाकते.

तिरकस रेघ

पाइप बर्स्टिंगबद्दल राहिलं की. बाजूच्या लाइनींना धक्का बसतो म्हणतात, ते कितपत खरं?

सुलभा_टी

खरं आहे. त्यात जुना पाइप आतून फोडून त्याचे तुकडे आजूबाजूच्या मातीत दाबले जातात आणि मागोमाग नवा पाइप ओढला जातो. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस बिडाच्या गॅसवाहिन्या बदलण्यासाठी हे विकसित झालं. बीड, भाजलेली माती, साधं काँक्रीट असे ठिसूळ पाइप चांगले फुटतात. स्टील आणि डक्टाइल आयर्न फुटत नाहीत, ते चिरावे लागतात. तेवढ्याच व्यासाचा पाइप टाकला तर मातीची हालचाल कमी. दोन मापं मोठा टाकायचा तर माती वर किंवा बाजूला सरकणारच. पाइप उथळ असेल तर वर सरकते आणि रस्त्याला कुबड येतं. जवळून समांतर जाणारी लाइन आधी उघडी करून तिच्यावरचा दाब मोकळा करावा. जुन्या दुरुस्तीचे क्लॅम्प किंवा काँक्रीटचं वेष्टण कुठे आहे हेही शोधून ठेवावं, नाहीतर बर्स्टिंग हेड तिथेच अडकतं. अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचा पाइप असेल तर फोडण्याआधी नियम बघा, तुकडे मातीत कायमचे राहतात.

लोकेटरवाला

एक गोष्ट अजून कुणी काढली नाही, आणि माझ्या मते ती सगळ्यात धोक्याची आहे. ड्रिल करताना वीजवाहिनीला लागलं तर लगेच कळतं. मलवाहिनीच्या आरपार गेलं तर काहीच कळत नाही. माती आणि भाजलेल्या मातीचा पाइप यांत रॉडला फारसा फरक जाणवत नाही. मग गॅसचा प्लॅस्टिक पाइप सांडपाण्याच्या पाइपच्या मधोमध जाऊन बसतो. काही वर्षं सगळं सुरळीत. हळूहळू कचरा अडकतो, लाइन तुंबते, साफ करणारा फिरती सळई घालतो आणि गॅसचा पाइप कापला जातो. गॅस मलवाहिनीतून थेट घरात.

अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या केनोशा इथे १९७६ मध्ये नेमका असाच स्फोट झाला. सरकारी तपासणीत गॅसची लाइन बोअरिंग करताना मलवाहिनीतून गेल्याचं निघालं. एवढी जुनी घटना, तरी आजही मलवाहिन्या आधी न शोधता ड्रिल करणारे आहेत, कारण मलवाहिनीला ना तार ना धातू, लोकेटरला ती दिसत नाही. उपाय एकच: काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर मलवाहिनीत कॅमेरा, घरांच्या जोडण्यांसकट. नंतरचा कॅमेरा बिलातून वगळू देऊ नका.

भूजल

हे मुद्दाम वर आणायला हवं होतं, बरं झालं लिहिलंत. यात नागरिकांसाठीही सूचना आहे. भागात नुकतीच गॅसची लाइन ड्रिल करून टाकली असेल आणि त्यानंतर घराची ड्रेनेज तुंबली, तर सळई किंवा मशीन घालण्याआधी कॅमेरा टाकून बघायला सांगा.

नवशिका

शेवटचा प्रश्न. आज टाकलेला एचडीपीई पाइप उद्या दुसऱ्या कुणाला कसा सापडणार? तोही प्लॅस्टिकच आहे, आणि एचडीडीची रेषा चरासारखी सरळही नसते.

लोकेटरवाला

पाइपबरोबर ट्रेसर तार ओढायची. ओढताना एखादी तुटते, म्हणून दोन. पाइप आत आल्याबरोबर दोन्ही तारांमधून सिग्नल टोकापर्यंत जातो का ते तपासायचं, रिग हलवायच्या आधी. आणि तारेची टोकं व्हॉल्व्ह चेंबरमध्ये वर काढून ठेवायची, मातीत गाडायची नाहीत.

भूजल

नोंदीबद्दल मी सांगतो. बऱ्याच ठिकाणी "प्रत्यक्ष" नकाशा म्हणून मूळ आराखडाच नाव बदलून जमा होतो. मी लोकेटरची रॉडनिहाय नोंदवही मागतो: प्रत्येक रॉडची खोली, उतार आणि जमिनीवरचा मोजणी केलेला बिंदू. त्यात डांबराच्या पृष्ठभागापासूनची खोली पुरत नाही, कारण पुढे रस्त्यावर थर चढतात किंवा रस्ता खरवडला जातो. पातळी कायम खुणेच्या संदर्भात हवी. लाइन महत्त्वाची असेल तर पाणी सोडण्याआधी पाइपच्या आतून जायरोस्कोपचं मोजयंत्र ओढून घ्यावं. ते सिग्नलवर अवलंबून नसतं, त्यामुळे सळया किंवा वीजवाहिन्यांचा त्याला त्रास नाही, आणि पाइप नेमका कुठून गेला ते मिळतं. या दोन्ही गोष्टी निविदेत वेगळ्या बाबी म्हणून लिहा आणि अंतिम बिल त्या मिळाल्यावरच काढा.